शीर्षक नसलेल्या स्वप्नचित्रावर काय लिहायचं?

नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पाचोऱ्याच्या, कॉलेजात मराठी शिकवता. जळगावच्या एका प्रदर्शनात तुम्ही एक एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर ॲसिडने कोरून कागदावर छापलेलं चित्र, पाहिलंत आणि मोबाइलवर काढलेला त्याचा फोटो इथे टाकलात. कोरडं नदीपात्र, त्यात लोखंडी पलंग, पलंगावर पाठमोरी झोपलेली बाई. तिच्या मोकळ्या केसांतून रेल्वेचे रूळ निघून थेट क्षितिजापर्यंत गेलेत. वर काळ्याकुट्ट आकाशात तीन मासे, त्यातल्या एकाला माणसाचा डोळा. शीर्षक नाही, खाली पेन्सिलीने ४/१५ (म्हणजे पंधरा छापांपैकी चौथा) आणि सही, बस. चित्र रात्रभर डोक्यातून गेलं नाही म्हणून कॉलेजच्या वार्षिकांकासाठी त्यावर लिहायला बसलात आणि पहिल्याच ओळीला अडलात, कारण ‘याचा अर्थ काय’ हेच ठरेना. सहकारी म्हणाले, मासे म्हणजे वासना, डोळा म्हणजे समाजाची नजर, रूळ म्हणजे नियती. ते तुम्हाला पटलं नाही, पण त्याऐवजी काय लिहावं तेही सुचलं नाही. आणि शेवटी कंसात एक वाक्य टाकलंत: ‘माझं माहेर भुसावळचं, वडील रेल्वेत होते, पण त्याचा इथे काही संबंध नाही.’

त्या कंसाकडे नंतर येतो.

मी जळगावात एचिंग करतो आणि शिकवतो. चित्रकलेच्या मुलांना स्वप्नासारखी चित्रं फार आवडतात, त्यामुळे दर वर्षी दोन-चार प्लेट्सवर तरी पंख फुटलेलं घड्याळ किंवा झाडाला लटकलेलं दार असतंच. त्यांच्या पालकांपासून परीक्षकांपर्यंत सगळे तुमच्या सहकाऱ्यांसारखंच विचारतात: हे म्हणजे काय, ते म्हणजे काय? माझ्या मते तुम्ही अडलात ते याच प्रश्नामुळे. चित्राने तुम्हाला अस्वस्थ केलं, ही गोष्ट तुमच्याकडे नक्की आहे. अर्थ नक्की नाही. आणि तुम्ही नक्की असलेली गोष्ट बाजूला ठेवून अनिश्चित गोष्टीपासून लेख सुरू करायला बघताय.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. हे चित्र एखाद्या मालिकेतलं असेल तर बाकीची चित्रं पाहिल्याशिवाय ठामपणे काही बोलू नये. शीर्षक असतं तरी पकडायला काहीतरी मिळालं असतं. स्पॅनिश चित्रकार गोयाच्या १७९९ च्या ‘काप्रिचोस’ मालिकेत, म्हणजे ८० एचिंग्जमध्ये, ४३ व्या चित्रात मेजावर डोकं टेकून झोपलेला माणूस आहे आणि त्याच्या मागे घुबडं, वटवाघळं जमलीत. पण तिथे मेजावरच वाक्य कोरलंय की विवेक झोपला की राक्षस निर्माण होतात. तुमच्या चित्रात असा काही आधार दिलेला नाही. शिवाय मी फोटोवरून बोलतोय. काचेत ट्यूबलाइट चमकलीय आणि उजवा खालचा कोपरा नीट दिसत नाही. तेव्हा पुढे मी जे तंत्राबद्दल म्हणतोय ते मूळ चित्रासमोर उभं राहून पडताळून घ्या.

पहिला मुद्दा त्या ‘अमुक म्हणजे तमुक’चा. आपल्याकडे स्वप्नांचे अर्थ लावायची सवय जुनी आहे. दात पडला की घरातलं कोणी जाणार, साप दिसला की असं, पुराचं पाणी दिसलं की तसं. अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नासारखं अशक्य जग दाखवणाऱ्या, चित्रासमोर शिकलेली माणसंही हेच करतात, फक्त आजीच्या जागी मनोविश्लेषक फ्रॉइडचं नाव घेतात. गंमत अशी की फ्रॉइडची मुख्य पद्धत स्वप्न पाहणाऱ्याला समोर बसवून एकेका तुकड्यावरून त्याला काय काय आठवतं ते बोलून घेण्याची होती. इथे स्वप्न पाहणारा समोर नाही, आणि कदाचित कोणी हे स्वप्न पाहिलेलंही नाही. चित्रकाराने दिवसाढवळ्या, पूर्ण जागेपणी ते रचलेलं असू शकतं. अतिवास्तववादाचा जाहीरनामा १९२४ साली पॅरिसमध्ये लिहिणारा फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतों फ्रॉइडचा भक्त होता, पण खुद्द फ्रॉइडने १९३२ साली त्याला पत्र लिहून सांगितलं की तुमच्या अतिवास्तववादाला नेमकं काय हवंय ते मला समजत नाही. तेव्हा ‘मासे म्हणजे वासना’ म्हणणाऱ्यांना फ्रॉइडचा आधार फारसा मिळायचा नाही.

शिवाय असं एकदा लिहून टाकलं की चित्र संपतं. मासे म्हणजे वासना असतील तर मग तीनच का, एवढे मोठे का, डाव्या बाजूलाच का, हे बघायची गरजच राहत नाही.

मग बघायचं काय? मी मुलांना सांगतो की आधी प्रत्येक वस्तूचं साधं वर्णन लिहा, एकही विशेषण न लावता. आणि मग शोधा की नेहमीचा नियम नेमका कुठे मोडलाय. स्वप्नासारख्या चित्रात सगळंच विचित्र नसतं. सगळंच विचित्र असेल तर ते नुसतं नक्षीकाम होतं आणि पाहणारा पुढच्या चित्राकडे सरकतो. पलंग खरा लागतो, त्याच्या पायांना गंज खरा लागतो, तेव्हा कुठे एक बदललेली गोष्ट बोचते.

तुमच्या चित्रात मला तीन ठिकाणी नियम मोडलेला दिसतो, आणि त्यातल्या पहिल्या दोन्हींचा माशांशी संबंध नाही.

रूळ बघा. भुसावळच्या माणसाला हे सांगायला नको: फलाटाच्या टोकाला उभं राहून बघितलं तर दोन रूळ लांब जाता जाता एकमेकांजवळ येतात. इथे ते येत नाहीत. क्षितिजाला टेकेपर्यंत दोघांमधलं अंतर तेवढंच आहे. पलंग मात्र व्यवस्थित यथार्थदर्शनात (लांबचं लहान दिसतं त्या नियमाने) काढलाय, त्याची लांबची बाजू आखूड आहे. म्हणजे चित्रकाराला यथार्थदर्शन येतं आणि रुळांपुरतं त्याने ते मुद्दाम सोडलं. त्यामुळे नजर रुळांवरून लांब जायला निघते पण लांब पोहोचतच नाही. ते रूळ आडवे पडलेत की उभे राहिलेत असा भास होतो. तुम्ही प्रश्नात ‘गुदमरल्यासारखं झालं’ असं लिहिलंय. मला वाटतं त्याचं निम्मं कारण इथे आहे. इटालियन चित्रकार जॉर्जो दे किरिकोने ब्रेतोंच्या जाहीरनाम्याच्या दहा वर्षं आधीपासून हाच उद्योग केला होता: एकाच चौकातल्या इमारतींना वेगवेगळे अंतर्धानबिंदू (लांब जाणाऱ्या रेघा जिथे मिळताना दिसतात ते बिंदू) द्यायचे, म्हणजे जागा ओळखीची वाटते पण तिथे पाय ठरत नाही.

दुसरं, प्रकाश. आकाश मध्यरात्रीचं आहे आणि वाळू भर दुपारची. पलंगाची सावली आखूड आणि कडक आहे, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की अंगणात पडते तशी. बेल्जियन चित्रकार माग्रितने याच्या उलट चित्रं रंगवली, वर निरभ्र दिवस आणि खाली दिवे लागलेली रात्रीची गल्ली. पण रंगचित्रात हे ब्रशने करतात. एचिंगमध्ये ते कसं होतं हे कळलं तर तुमच्या लेखाला वेगळंच बळ येईल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

झिंकच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा, डांबराचा पातळ थर देतात, त्याला आम्ही ग्राउंड म्हणतो. त्यावर सुईने रेघ काढली की तेवढा धातू उघडा पडतो. मग प्लेट ॲसिडमध्ये. झिंकला पातळ केलेलं नायट्रिक, तांब्याला बहुतेक वेळा फेरिक क्लोराईड. रेघ जितका वेळ ॲसिडमध्ये राहील तितकी खोल होईल, तितकी जास्त शाई धरेल आणि कागदावर तितकी काळी उमटेल. ही झाली रेघ. पण सलग काळं आकाश रेघेने होत नाही, त्याला ॲक्वाटिंट लागतं: राळेची बारीक पूड प्लेटवर बसू देतात, पिठाच्या गिरणीत गिरणीवाल्याच्या भुवयांवर पीठ बसतं तशी, आणि खालून तापवून ती चिकटवतात. ॲसिड त्या कणांच्या मधल्या फटींतून धातू खातं. भिंग लावून पाहिलंत तर काळ्या आकाशात पांढरे सूक्ष्म ठिपके दिसतील, ते राळेचे कण होते.

आणि पांढरं? एचिंगमध्ये पांढरा रंग नावाची वस्तूच नसते. पांढरं म्हणजे कोरा कागद, म्हणजे प्लेटवर ॲसिड जिथे पोहोचूच दिलं नाही ती जागा. ॲक्वाटिंटची प्लेट ॲसिडमध्ये सोडण्याआधी ती जागा व्हार्निशने झाकावी लागते. तेव्हा या चित्रात आधी दुपार झाकून सुरक्षित ठेवली गेली आणि मग रात्र ॲसिडमध्ये गेली, बराच वेळ. असं काळं झटपट येत नाही. ही दुपार आणि मध्यरात्र एकाच पत्र्यावर योगायोगाने एकत्र आलेली नाही.

आता मासे. फोटोत तरी त्यांच्या कडा मऊ दिसतात आणि करडा रंग हळूहळू काळ्यात विरतो. हे बहुधा बर्निशरचं काम आहे: आधी तिथेही काळंच होतं, मग पोलादी बर्निशरने ते खडबडीत दाणे घासून घासून गुळगुळीत केले, म्हणजे तिथे शाई कमी राहते. मासे आकाशात काढलेले नाहीत, आकाशातून घासून काढलेत. पण त्यातल्या एकाचा डोळा बघा. तो घासलेला नाही. पापण्यांचे केस, बुबुळाच्या बारीक रेघा, सगळं सुईने, कडक रेघेत. अख्ख्या चित्रात सगळ्यात बारीक काम त्या डोळ्यात आहे, आणि ते सगळ्यात मऊ आकारावर ठेवलंय. हा मला दिसलेला तिसरा मोडलेला नियम. तो डोळा तुम्हाला माणसाचा म्हणून टोचला की चित्रातल्या बाकी कशाशीच न जुळणाऱ्या हाताने काढलाय म्हणून? कदाचित दोन्ही. पण ‘समाजाची नजर’ म्हणण्याआधी एवढं लिहिता आलं पाहिजे.

केसांबद्दल मला शंका आहे. सुरुवातीच्या भागात धाग्याचा पोत दिसल्यासारखा वाटतो, म्हणजे सॉफ्ट ग्राउंडवर (मऊ राहणाऱ्या थरावर) खरे धागे किंवा केस दाबून ठसा घेतला असावा. रूळ मात्र पट्टी लावून मारलेले. मग केसाचं लोखंड नेमकं कुठे होतं? ती जागा भिंगाखाली शोधाच. तिथे एक तंत्र संपून दुसरं सुरू होत असेल आणि तरी जोड दिसत नसेल, तर या चित्रकाराचा हात फार तयार आहे.

इथे एक इतिहासाची गोष्ट, कारण ती तुम्हाला उपयोगी पडेल. अतिवास्तववाद्यांना मनात येईल तसा हात चालू द्यायचा होता, विचाराने अडवायचं नव्हतं. एचिंगची सुई मेणावरून कसलाही अडथळा न येता घसरते, त्यामुळे त्या कामाला ती सोयीची. पण त्यानंतरचं सगळं काम, ॲसिड, वेळ मोजणं, झाकणं, पुन्हा सोडणं, हे अत्यंत हिशेबी. रसायनशास्त्र शिकलेल्या स्टॅन्ली विल्यम हेटरने १९२७ साली पॅरिसमध्ये जी कार्यशाळा सुरू केली आणि जी पुढे ‘अतलिए १७’ म्हणून प्रसिद्ध झाली, तिथे मिरो, माक्स एर्न्स्ट, तांगी असे अतिवास्तववादी चित्रकार काम करत. आपले छापचित्रकार कृष्णा रेड्डीही पुढे तिथेच रमले आणि एकाच प्लेटवरून शाईच्या कमी-जास्त दाटपणाचा उपयोग करून अनेक रंग छापायची पद्धत त्यांनी तिथल्या सहकाऱ्यांबरोबर घडवली. स्वप्न म्हणजे सैल, ढगाळ, धूसर काहीतरी अशी आपली समजूत असते. या कार्यशाळेत ते वजनकाट्यावर आणि घड्याळावर तयार व्हायचं.

तुलनेसाठी एकच मालिका बघायची असेल तर मी जर्मन चित्रकार माक्स क्लिंगरची हातमोज्याची मालिका सुचवेन. १८८१ ची, दहा चित्रं, म्हणजे अतिवास्तववाद हे नाव जन्मायच्या कितीतरी आधीची. स्केटिंगच्या मैदानावर एका बाईचा हातमोजा पडतो, एक तरुण तो उचलतो, एवढीच खरी घटना. पुढे तो मोजा समुद्रात बुडतो, शिंपल्याच्या रथातून मिरवतो, बिछान्याशी राक्षसाएवढा होतो. नवव्या चित्रात पंखांचा सरड्यासारखा प्राणी मोजा चोचीत धरून रात्रीत उडून जातोय आणि मोडलेल्या खिडकीतून दोन हात त्याच्यामागे धावलेत. काचेची भोकं नीट बघा: एवढ्याशा भोकांतून तो प्राणी बाहेर पडलाच कसा? क्लिंगरने ते कुठेच समजावलेलं नाही. आणि पूर्ण मालिकेत मोजा मात्र मोजाच राहतो, बटणांसकट. त्याच्यावर लिहिणारे शंभर वर्षांहून जास्त काळ त्याचा अर्थ लावताहेत, पण मला स्वतःला त्या खिडकीचं वर्णन वाचायला जास्त आवडतं.

आपल्या जवळचं काही बघायचं असेल तर तेलंगणातल्या गावाकडचं जग घेऊन केलेली लक्ष्मा गौड यांची एचिंग्ज शोधा. शेळ्या, झाडं, माणसं एकमेकांत मिसळलेली. आणि पाचोऱ्याहून चाळीसगाव किती दूर आहे? तिथे केकी मूस यांचं घर-संग्रहालय आहे. ते छायाचित्रकार, एचिंगवाले नव्हेत, पण टेबलावर घरगुती वस्तू मांडून, दिवा हवा तसा ठेवून त्यांनी जी निसर्गदृश्यं उभी केली ती बघितली की खोटी जागा खऱ्या वस्तूंनी कशी बांधतात ते चटकन कळतं.

आता तुमचा कंस.

‘संबंध नाही’ हे अर्धं बरोबर आहे. तुमचे वडील रेल्वेत होते याचा चित्राच्या अर्थाशी संबंध नाही. चित्रकाराला ते माहीत नव्हतं, आणि ‘हे चित्र रेल्वे कुटुंबातल्या मुलीचं दुःख सांगतं’ असं तुम्ही लिहिलंत तर ते खोटं होईल. पण तुमच्या प्रतिसादाशी त्याचा पूर्ण संबंध आहे. त्याच भिंतीवर आणखी चित्रं असतील, तुमची रात्र याच चित्राने खाल्ली. वार्षिकांकाचा वाचक पाचोऱ्याचा, भडगावचा, जळगावचा आहे. गिरणेचं कोरडं पात्र त्याने पाहिलंय आणि रात्रीच्या गाड्यांचा आवाज ऐकलाय. त्याला ब्रेतोंची व्याख्या कुठेही मिळेल. तुम्हाला काय झालं ते तुमच्याशिवाय कुठे मिळणार?

अट एवढीच की प्रत्येक आठवण चित्रातल्या दिसणाऱ्या गोष्टीला बांधलेली हवी. चित्र सोडून माहेरावर दोन पानं लिहिलीत तर तो ललित लेख होईल, चांगलाही होईल, पण या एचिंगला दिलेला प्रतिसाद नसेल. आणि दुसऱ्या टोकाला कॅटलॉगी मराठी आहे, ‘चित्रकाराने मानवी अस्तित्वाची विदारक घुसमट समर्थपणे मांडली आहे’ वगैरे. हे वाक्य कुठल्याही चित्राखाली छापा, चालून जातं. म्हणूनच ते लिहू नका.

मी सुरुवात साधारण अशी केली असती:

‘पलंग भर दुपारी वाळूत ठेवलाय आणि त्याच्या डोक्यावर मध्यरात्र आहे. बाई आपल्याकडे पाठ करून झोपलीय. तिचे केस उशीवरून ओघळतात आणि वाळूला टेकतात तिथे लोखंड होतात. हे रूळ दूर जातात पण अरुंद होत नाहीत; गाडी आली तर ती लांबून येताना दिसणार नाही, एकदम अंगावरच येईल. आमचं क्वार्टर रुळांच्या कडेला होतं. गाडीच्या आवाजाने आम्हाला कधी जाग आली नाही. एखाद्या रात्री गाडी आली नाही, की येई.’

शेवटची तीन वाक्यं मी कल्पनेने भरलीत, तिथे तुमचं खरं घाला. पण क्रम बघा: आधी दिसतं ते, मग मोडलेला नियम, मग त्यातून जे होईल ते, आणि त्यानंतरच तुम्ही. मासे अजून आलेलेही नाहीत. ते दुसऱ्या परिच्छेदात येऊ द्या, डोळा त्याच्याही नंतर.

तुम्ही आणखी दोन गोष्टी विचारल्या होत्या. अतिवास्तववाद आधी वाचून घ्यावा का? पहिला कच्चा मसुदा होईपर्यंत नको. नंतर जरूर वाचा, आणि वाचल्यावर मसुद्यातलं जे चुकीचं ठरेल तेवढंच बदला. नाहीतर पहिल्या पानावर ब्रेतों, दुसऱ्यावर दालीची वितळलेली घड्याळं आणि तुमचं चित्र तिसऱ्या पानावर, असं होतं. विद्यार्थ्यांच्या निबंधात मी हे इतकं वाचतो की दाली दिसला की पान उलटतो.

चित्रकाराला विचारावं का? विचारा, पण ‘यातून तुम्हाला काय सांगायचंय’ असं विचारू नका. बहुतेक जण त्यावर एकतर गप्प होतात किंवा कॅटलॉगमधलंच वाक्य परत ऐकवतात. आकाश किती वेळा ॲसिडमध्ये गेलं, केसांसाठी काय दाबलं, पहिल्या प्रूफमध्येही (चाचणीच्या छापातही) मासे होते का, असं विचारा. छापचित्रकाराला आपल्या प्लेटच्या खोड्या सांगायला फार आवडतं आणि त्या सांगता सांगता तो बरंच काही बोलून जातो. मासे नंतर आले असतील तर तुमच्या लेखाचं निम्मं काम तिथेच झालं. मात्र त्याचं म्हणणं आणि तुमचं पाहणं वेगळं निघालं तर घाबरून आपलं खोडू नका. दोन्ही लिहा, कुणाचं कुठलं ते स्पष्ट ठेवून.

प्रदर्शन रविवारपर्यंत आहे असं तुम्ही लिहिलंय, तर त्याआधी एक चक्कर मारा. दुपारी जा, तेव्हा गर्दी नसते. स्टेशनरीच्या दुकानात मिळतं ते साधं भिंग न्या. तिथल्या माणसाला सांगून समोरची ट्यूब बंद करून घ्या आणि चित्राच्या अगदी बाजूला, भिंतीला गाल टेकवल्यासारखं उभं राहून तिरकं बघा: प्लेटच्या दाबाने कागदाला चारही बाजूंनी पडलेला खळगा दिसेल, आणि रेघ खोल असेल तर शाई कागदावर उठून आलेली दिसेल. रूळ तसे उठलेत का आणि केस सपाट आहेत का, एवढं मला कळवा. उजव्या खालच्या कोपऱ्यात काय आहे तेही सांगा, फोटोत तिथे नुसता उजेड आलाय.